सोवळ्याचे हात, सेवेचे हात : लक्ष्मीबाई टिळकांच्या चरित्राचा एक धागा

नागपूरहून राजनांदगावकडे जाणारा लोहमार्ग तिरोडा, गोंदिया, आमगाव, सालेकसा ही स्थानके घेत पुढे जातो. १ मे १९९९ रोजी स्वतंत्र जिल्हा झालेला हा प्रदेश एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मध्यप्रांतातील भंडारा जिल्ह्यात मोडत होता. १८९३ मध्ये याच मार्गावरील गाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने नारायण वामन टिळकांच्या हाती नव्या कराराची प्रत ठेवली आणि टिळकांच्या आयुष्याला वळण लागले. या प्रसंगाचा उल्लेख टिळकांच्या बहुतेक चरित्रांत येतो. मात्र ज्या स्त्रीचा संसार या प्रसंगाने मोडला व पुढे निराळ्या पायावर पुन्हा उभा राहिला, त्या लक्ष्मीबाईंचा ख्रिस्ती धर्माकडे झालेला प्रवास पुस्तकाच्या वाटेने झाला नाही. तो हाताच्या वाटेने झाला, असे प्रस्तुत लेखात मांडावयाचे आहे.

ख्रिस्ती धर्मविचारात हात हे प्रेमाचे, सेवेचे आणि ईश्वरी सांभाळाचे प्रतीक आहे. यशयाच्या ग्रंथात देव आपल्या प्रजेला तळहातावर कोरून ठेवतो. शुभवर्तमानांतील येशू कुष्ठरोग्याला हात लावतो, याइराच्या मुलीला हात धरून उठवतो, शिष्यांचे पाय धुतो. आणि पुनरुत्थानानंतर थोमाला ओळख पटते ती हातांवरील खिळ्यांच्या व्रणांवरून. मराठी समाजव्यवहारात हाताला याच्या उलट कार्यही नेमून दिलेले होते. कोणाच्या हातचे पाणी चालते व कोणाच्या हातचे चालत नाही, यावर माणसाची पायरी ठरत असे. स्पर्शाने जोडणारा हात आणि स्पर्शाने विटाळणारा हात या दोन कल्पनांमधील अंतर लक्ष्मीबाईंनी एका आयुष्यात ओलांडले.

त्यांचा जन्म १ जून १८६८ रोजी नाशिकजवळील जलालपूर येथे गोखले घराण्यात झाला. त्यांच्या आईचे वडील १८५७ च्या उठावाच्या संदर्भात फाशी गेले. त्या आघातानंतर लक्ष्मीबाईंच्या वडिलांनी सोवळ्याचा इतका ध्यास घेतला, की बाजारातून आलेले जिन्नसही धुतल्यावाचून घरात येत नसत. घरातील बायकामुलांचे जीवन या धुण्यापुसण्यात जखडले गेले. सोवळ्यामागे केवळ रूढी नसून भयही असू शकते, याचे हे बोलके उदाहरण होय. ज्याच्यावर आघात होतो तो जगापासून हात आखडून घेतो. लक्ष्मीबाईंचे बालपण या आखडलेल्या हातांच्या छायेत गेले.

१८८० मध्ये त्यांचा विवाह टिळकांशी झाला. त्यांना औपचारिक शिक्षण नव्हते. अक्षरओळख पतीनेच करून दिली. टिळकांच्या अस्थिर स्वभावामुळे बिऱ्हाड गावोगाव फिरले. नागपूर व राजनांदगाव हे त्यांतील टप्पे होत. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्या काळच्या समजुतीप्रमाणे लक्ष्मीबाई पती जिवंत असूनही निराधार झाल्या. लहानग्या दत्तूला घेऊन त्यांनी विरहाचा बराचसा काळ आप्तांच्या आश्रयाने पंढरपुरात काढला.

हे पंढरपूरचे वास्तव्य या दृष्टीने विचारात घेण्याजोगे आहे. कमरेवर हात ठेवून उभी असलेली विठ्ठलमूर्ती आणि तोच विठ्ठल जनाबाईच्या जात्याला हात लावतो ही कथा, या दोन्ही गोष्टी तेथील भक्तिजीवनाचा भाग आहेत. भक्ताच्या कष्टाला हातभार लावणारा देव मराठी मनाला नवा नव्हता. नवा होता तो माणसाने माणसाच्या हातचे निःसंकोच घेण्याचा व्यवहार. वारकरी परंपरेने वाळवंटात जी समता अनुभवली, ती घराच्या स्वयंपाकघरापर्यंत क्वचितच पोहोचली होती.

काही वर्षांच्या ताटातुटीनंतर लक्ष्मीबाई अहमदनगरला पतीकडे परतल्या, पण आपले सोवळे मोडून नव्हे. स्वयंपाक व पाणी वेगळे ठेवण्याचा त्यांचा आग्रह कायम होता आणि टिळकांनीही त्याला आडकाठी केली नाही. चरित्रकाराने येथे थांबणे आवश्यक आहे. लक्ष्मीबाईंच्या मनातून प्रथम गळून पडला तो जातिभेद. ख्रिस्ती श्रद्धेचा स्वीकार त्यानंतरचा. भेद देवाने निर्माण केले की माणसाने, या प्रश्नाशी त्या झगडल्या आणि कोणाच्याही हातचे घेण्याचा निश्चय त्यांनी बाप्तिस्म्यापूर्वीच केला. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. हा क्रम महत्त्वाचा आहे. त्यांच्या बाबतीत सिद्धान्तातून आचार निघाला नाही. आचार बदलला आणि श्रद्धा त्याच्यामागून आली. पतीच्या आज्ञेने झालेले धर्मांतर अशी त्याची संभावना करणे त्यामुळे अन्यायाचे ठरते.

त्यानंतरचे त्यांचे आयुष्य म्हणजे मोकळ्या झालेल्या हातांचा इतिहास होय. १८९९-१९०० च्या दुष्काळाने नगर भागात अनेक मुले पोरकी केली होती. टिळकांच्या घरी स्वतःच्या मुलांबरोबर परक्यांची मुलेही वाढली. कवी बालकवीही काही काळ या घरचेच झाले होते. १९०४ मध्ये टिळकांना धर्मोपदेशकाची दीक्षा मिळाली. ख्रिस्ती परंपरेत ही दीक्षा मस्तकावर हात ठेवून दिली जाते. लक्ष्मीबाईंच्या मस्तकावर असा हात कोणी ठेवला नाही, तेव्हाच्या स्त्रीला तो अधिकारही नव्हता. तरीही उदार पतीने रिकामे केलेले घर पुन्हा भरणे, आल्यागेल्याला वाढणे, आजाऱ्याची शुश्रूषा करणे ही कामे त्यांनीच निभावली. टिळकांच्या औदार्याचा गौरव करताना त्या औदार्याचा भार कोणाच्या हातांवर पडला, हेही नोंदवले पाहिजे. सेवेचे प्रतीक जेव्हा स्त्रीच्या हाती येते, तेव्हा त्यातील कष्ट गृहीत धरले जातात. पतीच्या भोळ्या दातृत्वाची मिस्कील नोंद घेणाऱ्या लक्ष्मीबाईंना याची पुरती जाणीव होती.

९ मे १९१९ रोजी टिळकांचे मुंबईत निधन झाले. त्यांच्या हातून अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध काव्य लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. आरंभीचे अध्याय टिळकांचे, तर उरलेला फार मोठा भाग त्यांचा आहे. १९३८ मध्ये ते ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. १९३३ मध्ये नागपूर येथे भरलेल्या ख्रिस्ती साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. १९३४ पासून ‘स्मृतिचित्रे’चे भाग प्रसिद्ध होऊ लागले आणि २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्यांचे निधन झाले.

‘स्मृतिचित्रे’च्या अभ्यासात विनोद, निर्व्याजता व घरगुती भाषा या गुणांची चर्चा पुष्कळ झाली आहे. परंतु घरगुती तपशील हा या ग्रंथाचा केवळ शैलीविशेष नाही. भांडी, पाणी, चूल, ताट यांवरच जेथे माणसामाणसांतील भिंती उभ्या होत्या, तेथे त्या भिंती पडल्याची कथाही याच वस्तूंच्या भाषेत सांगावी लागते. रेल्वेच्या डब्यात एका हाताने दुसऱ्या हातात पुस्तक दिले, ही टिळकांच्या धर्मांतराची सुरुवात. लक्ष्मीबाईंच्या धर्मांतराची सुरुवात परक्याच्या हातचे पाणी पिण्याच्या निश्चयात आहे. मराठी ख्रिस्ती साहित्याचा इतिहास लिहिताना पहिल्या हाताची नोंद झाली. दुसऱ्यालाही तेवढेच स्थान मिळणे उचित होईल.