मोटर विहिरीत सोडणारा माणूस

आर्मेस अरुतुनॉफ हे नाव साहित्याच्या वर्गात येत नाही. मला मात्र त्यांचं आयुष्य वाचनीय वाटतं.

१८९३ साली तिफ्लिसला, एका आर्मेनियन कुटुंबात त्यांचा जन्म झाला. तेव्हा तेलविहिरीत पंप खाली आणि त्याला चालवणारं यंत्र वर असायचं; मध्ये लांबच लांब दांडे. विहीर जितकी खोल, तितका दांड्यांवर ताण, आणि ते तुटायचे. अरुतुनॉफनी दांडेच काढून टाकले. बारीक, लांबट विजेची मोटर पंपाखाली जोडून थेट विहिरीत सोडली. विहिरीतलं पाणी शिरू नये म्हणून मोटरमध्ये तेल भरलं. वरून आली फक्त केबल. उपसा होताना बाजूने वाहणारं तेल-पाणीच मोटरला थंड ठेवतं.

क्रांतीनंतर रशिया सुटला. मग बर्लिन, आणि १९२३ मध्ये अमेरिका. तिथे सुरुवातीला पैसा लावायला कोणी मिळेना. शेवटी फिलिप्स पेट्रोलियमच्या मदतीने ओक्लाहोमातल्या बार्टल्सव्हिलला कारखाना उभा राहिला. १९३० मध्ये त्याचं नाव झालं रेडा: रशियातल्या त्यांच्या जुन्या कंपनीच्या नावाची आद्याक्षरं.

१९७८ मध्ये ते बार्टल्सव्हिललाच वारले. देश परत मिळाला नाही. त्याची अक्षरं मात्र पंपांवर राहिली. आपल्या बोअरवेलमधली सबमर्सिबल मोटरही त्याच युक्तीने पाण्याखाली चालते.