शिंप्याचं बीजगणित

बँकेत तीस वर्षं आकड्यांत घालवलेल्या माणसाला बीजगणिताची धास्ती होती, हे सांगायला आता निवृत्तीनंतर संकोच वाटत नाही. आठवीत फळ्यावर ‘क्ष’ अवतरला. तो कुठून आला, कशासाठी आला, हे आमच्या गुरुजींनी कधी सांगितलं नाही. उणे गुणिले उणे अधिक, हे पाढ्यासारखं पाठ करून घेतलं. मी केलं, पासही झालो. गेल्या वर्षी नातीनं नेमकं तेच ‘असं का’ म्हणून विचारलं आणि मी चष्मा पुसत बसलो. उत्तर शोधता शोधता हाती आलं अडीचशे वर्षांपूर्वीचं एक पुस्तक, आणि भेटला ते सांगणारा दृष्टी गेलेला एक म्हातारा.

लिओनार्ड ऑयलरचा जन्म १५ एप्रिल १७०७चा, स्वित्झर्लंडमधल्या बाझलचा. वडील पाद्री, पण गणिताचे जाणकार. मुलाचे पहिले धडे त्यांनीच घेतले. पुढे तो बाझलला आजीकडे राहून ज्या शाळेत जाऊ लागला, तिथे गणित शिकवतच नव्हते. पण हाताशी ख्रिस्तॉफ रुडॉल्फचं बीजगणित होतं, सोळाव्या शतकातलं, मोठ्यांनाही जड जाणारं. त्यातली बहुतेक उदाहरणं पोरानं सोडवून काढली. पुढे विद्यापीठात योहान बर्नुलीसारखा दिग्गज भेटला, पण त्याला शिकवणी घ्यायला सवड नव्हती. अवघड ग्रंथ आपले आपण वाचायचे आणि अडलेलं घेऊन शनिवारी दुपारी यायचं, एवढीच त्यानं मुभा दिली. शनिवारी कमीत कमी शंका न्याव्या लागाव्यात म्हणून हा मुलगा आठवडाभर झगडायचा.

विसाव्या वर्षी तो सेंट पीटर्सबर्गच्या अकादमीत गेला, १७४१मध्ये बर्लिनला आणि पंचवीस वर्षांनी पुन्हा पीटर्सबर्गला. त्यानं गणितात काय काय केलं याची यादी या पानावर मावणार नाही. तेरा मुलं झाली, वयात आली ती पाचच. उजवा डोळा तिशीतच अधू झाला होता. १७६६मध्ये परतल्यावर डाव्यातही मोतीबिंदू वाढला आणि दिसेनासं झालं. अशा वेळी माणूस आवराआवर करतो. ऑयलरनं नवशिक्यांसाठी बीजगणिताचं पुस्तक सांगायला घेतलं.

लेखनिक कोण, तर बर्लिनहून बरोबर आणलेला एक तरुण नोकर. धंद्यानं शिंपी, बुद्धी बेताची, साध्या हिशेबापलीकडे गणित ठाऊक नाही. अकादमीत विद्वानांची वाण नव्हती, तरी निवड याची झाली. पुस्तक संपेपर्यंत हा शिंपी अवघड उदाहरणं स्वतः सोडवू लागला होता, अशी नोंद पुस्तकाच्या प्रस्तावनेतच आहे. मला वाटतं, समोरचा अडला की सांगणाऱ्याला एक पायरी मागे यावं लागत असणार. पुस्तकात एकही पायरी गाळलेली नाही, त्याचं श्रेय मी थोडं त्या शिंप्यालाही देतो.

उणे संख्या त्यात येतात त्या कर्जाच्या रूपानं. खिसा रिकामा आणि वर पन्नासांचं देणं, म्हणजे शून्याहून पन्नास कमी. आयुष्यभर थकबाकी पाहिलेल्या मला हे कुणी आठवीत सांगायला हवं होतं! कर्ज तिप्पट केलं तर कर्जच वाढतं, म्हणून उणे गुणिले अधिक उणे. मग उणे गुणिले उणे? उत्तर एकतर उणे असेल नाहीतर अधिक. उणे तर आधीच्या गुणाकाराला देऊन झालं, दोन्हींचं उत्तर एकच कसं असेल? म्हणून अधिक. आजचे कडक गणिती याला पुरती सिद्धता म्हणणार नाहीत, पण नातीचं समाधान झालं.

त्यातलं वाटणीचं एक उदाहरण तर मी जेवणाच्या टेबलावर घातलं. बापाची इस्टेट. पहिल्या मुलाला शंभर नाणी आणि उरलेल्याचा दहावा भाग. मग जे राहील त्यातून दुसऱ्याला दोनशे आणि उरलेल्याचा दहावा भाग, तिसऱ्याला तीनशे, असंच पुढे. शेवटी सगळ्यांना सारखंच मिळालं. तर इस्टेट किती आणि मुलं किती? बँकेत वारसांचे दावे पाहिलेल्या माझी मती गुंग झाली. ऑयलर फक्त पहिल्या दोघांकडे पाहतो. दुसऱ्याला सुरुवातीला शंभर जास्त मिळाले, म्हणजे दहाव्या भागात शंभर कमी मिळाले असणार. ज्याचा दहावा भाग काढायचा ती रक्कम मात्र एक पूर्ण वाटा आणि वर शंभर इतकी घटलेली आहे. तिचा दहावा भाग शंभर, म्हणजे ती हजार. वाटा नऊशेचा. पहिल्याचे शंभर वजा केले, तर राहिलेले आठशे हा उरलेल्याचा दहावा भाग, म्हणून उरलेले आठ हजार. इस्टेट ८१०० आणि मुलं नऊ.

हे पुस्तक आधी रशियन भाषांतरात निघालं, १७६८-६९मध्ये. मूळ जर्मन १७७०मध्ये. पुढच्याच वर्षी ऑयलरचं घर आगीत जळालं. बाझलच्याच एका कारागिरानं त्याला खांद्यावर घालून बाहेर काढलं. त्याच वर्षी डोळ्याची शस्त्रक्रिया झाली, थोडे दिवस दिसलं आणि पुन्हा अंधार. १७७३मध्ये पत्नी गेली. सांगणं आणि लिहून घेणं चालूच होतं. त्याच्या एकूण लेखनाचा मोठा वाटा या अंधाऱ्या वर्षांतलाच आहे.

१८ सप्टेंबर १७८३. सकाळी त्यानं नातवंडाचा गणिताचा धडा घेतला. मग बलूनच्या उड्डाणाचं गणित पाटीवर मांडलं आणि दोन वर्षांपूर्वी सापडलेल्या नव्या ग्रहाच्या, युरेनसच्या, कक्षेबद्दल सहकाऱ्यांशी बोलला. संध्याकाळी मेंदूत रक्तस्राव होऊन तो कोसळला आणि त्याच रात्री गेला. वय शहात्तर.