मुलं शाळेत येईनात, म्हणून शाळा अंगणात गेली : ताराबाई मोडक

मागच्या महिन्यात नागावात आमची एक बैठक झाली. अलिबागहून रेवदंड्याकडे निघालं की आक्षीनंतर नागाव लागतं. एका बाजूला समुद्र, रस्त्यालगत नारळी-पोफळीच्या वाड्या, आणि आता त्या वाड्यांमध्येच पर्यटकांची कॉटेजेस. अशा ठिकाणी कामाला जाणाऱ्या आईबापांच्या तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी रविवारचा बालवर्ग काढायचा, हे पाच मिनिटांत ठरलं. उरलेले दोन तास टीव्ही घ्यायचा की प्रोजेक्टर, वर्गणी कोण किती देणार, यातच गेले. शिकवणार कोण आणि ते शिकवायला कुठे शिकणार, हा विषय निघालाच नाही.

घरी येताना ताराबाई मोडक आठवत राहिल्या. आपल्या कार्यक्रमांत हे नाव फारसं येत नाही. सावित्रीबाईंनी शिक्षिका होण्याआधी रीतसर प्रशिक्षण घेतलं होतं, हे आपण भाषणात सांगतो. पण शाळेत जाण्याआधीच्या वयाच्या मुलांना कसं शिकवायचं, हे महाराष्ट्रात ज्यांनी आयुष्य घालून शोधलं, त्या ताराबाईंकडे चळवळीने जरा दुर्लक्षच केलं आहे.

त्यांचा जन्म मुंबईतला, १९ एप्रिल १८९२ चा. वडील सदाशिवराव केळकर प्रार्थना समाजाचे. आई उमाबाई विधवा होत्या आणि सदाशिवरावांनी त्यांच्याशी लग्न केलं होतं. त्या काळात हे सोपं नव्हतं. म्हणजे रूढी मोडणं ताराबाईंना घरातूनच मिळालं. १९१४ साली त्या पदवीधर झाल्या. लग्न अमरावतीच्या कृष्णराव मोडक या वकिलांशी झालं, एक मुलगी झाली, पण संसार टिकला नाही. १९२१ च्या सुमारास त्या वेगळ्या झाल्या आणि मुलीला घेऊन राजकोटला गेल्या. तिथल्या बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजमध्ये त्या प्राचार्य झाल्या.

प्राचार्यपद, पगार, मान सगळं होतं. तरी १९२३ मध्ये ते सोडून त्या भावनगरला गेल्या. तिथे दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये बालमंदिर सुरू केलं होतं. गिजुभाई मूळचे वकील. माँटेसरीचं पुस्तक हाती आलं आणि त्यांनी वकिलीला रामराम ठोकला. ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्या या माणसाकडे लहान मुलांना कसं शिकवायचं ते शिकायला आल्या. तिशी ओलांडलेली, दुसऱ्यांना शिकवणं शिकवणारी बाई पुन्हा जमिनीवर मुलांसोबत बसली. मला ताराबाईंच्या चरित्रातली सर्वात मोठी गोष्ट हीच वाटते. पद्मभूषण १९६२ मध्ये मिळालं, ते नंतरचं.

भावनगरला त्या काय शिकल्या, हे समजायला थोडं रोमला जावं लागेल. मारिया माँटेसरी डॉक्टर होत्या. ६ जानेवारी १९०७ रोजी त्यांनी रोमच्या सॅन लोरेन्झो या गरीब कामगार वस्तीत पहिलं बालगृह उघडलं. आईबाप कामाला जायचे, मुलं जिन्यांत आणि भिंतींवर दंगा करायची, म्हणून इमारतवाल्यांनाच ती कुणीतरी सांभाळायला हवी होती. आज आपल्याकडे माँटेसरी म्हटलं की वर्षाची फी आठवते. ही पद्धत जन्मली ती मात्र वस्तीत.

या पद्धतीचा जीव साधनांत आहे. एक सेंटिमीटरपासून दहा सेंटिमीटरपर्यंतचे दहा गुलाबी ठोकळे घ्या. मूल ते एकावर एक रचतं. क्रम चुकला तर मनोरा वेडावाकडा दिसतो आणि मुलाला स्वतःलाच कळतं. बाईंनी ओरडायची गरज नाही. खरखरीत कागदाची अक्षरं असतात. त्यांवरून मूल बोट फिरवतं आणि डोळ्याआधी बोटाला अक्षराचं वळण कळतं. बटणं लावायच्या चौकटी असतात, कमी-जास्त जाडीच्या दट्ट्यांचे ठोकळे असतात. त्या काळचं हे अगदी नवं तंत्रज्ञान होतं. आजच्या टॅबलेटशी तुलना करायची तर एकच प्रश्न विचारावा लागतो: चूक झाली हे मुलाला स्वतःच्या हाताने कळतं का, की कुणीतरी टिंग वाजवून सांगतं?

गिजुभाई आणि ताराबाईंनी १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन केला, शिक्षणपत्रिका चालवली, पालक आणि शिक्षकांसाठी भरपूर लिहिलं. पुढे ताराबाई मुंबईला परतल्या आणि १९३६ मध्ये दादरच्या हिंदू कॉलनीत शिशुविहार सुरू झालं. मुलांना मारू नका, धाक घालू नका, त्यांना हाताने करू द्या, हे मराठी मध्यमवर्गाला त्यांनी पटवलं. या काळाबद्दल मी जास्त लिहीत नाही. दादरचं काम चांगलंच होतं, पण ते ज्यांच्या घरी आधीच पुस्तकं होती त्यांच्यासाठी होतं. हे ताराबाईंनाही खुपत असावं, नाहीतर वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी त्या बोर्डीला गेल्या नसत्या.

बोर्डी म्हणजे आपलाच किनारा, फक्त उत्तर टोकाला, आजच्या पालघर जिल्ह्यात. नागावला नारळी-पोफळी, तिथे चिकूच्या वाड्या. डिसेंबर १९४५ मध्ये तिथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झालं. ते साल लक्षात ठेवण्यासारखं आहे. त्याच वर्षी जुलैमध्ये बाबासाहेबांनी मुंबईत पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि त्याच वर्षी डहाणू-उंबरगावच्या पट्ट्यात गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारली वेठबिगारीविरुद्ध उठले. ताराबाईंच्या सोबतीला अनुताई वाघ आल्या. अनुताई बालविधवा, शिकून शिक्षिका झालेल्या. पुढची सगळी वर्षं त्या याच कामात राहिल्या.

बालवाडी उघडली, पण गावातल्या एका वस्तीची मुलं येईनात. त्या वस्तीला तेव्हा हरिजनवाडा म्हणत. बाबासाहेबांनी हा शब्द कधी स्वीकारला नाही आणि आपणही वापरत नाही, पण तेव्हाच्या कागदांत तो आहे. मुलं का येत नसावीत हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. गावाच्या मधोमध जाऊन सवर्णांच्या मुलांशेजारी बसायचं, आणि तेही आई मजुरीला गेल्यावर घरचं धाकटं भावंड काखेत घेऊन! बहुतेक संस्था अशा वेळी अहवालात लिहितात की पालकांना शिक्षणाचं महत्त्व नाही. ताराबाईंनी तसं लिहून विषय मिटवला नाही. मुलं बालवाडीत येत नाहीत तर बालवाडी मुलांकडे न्यायची, असं त्यांनी ठरवलं. शिक्षिका वस्तीत जाऊ लागल्या, अंगणात वर्ग भरू लागला आणि त्याला नाव पडलं अंगणवाडी. आज देशभर वापरला जाणारा हा शब्द असा एका दलित वस्तीच्या अंगणातून आला आहे.

अंगणात गुलाबी मनोरा न्यायला पैसे नव्हते. आणि नेला असता तरी मुलांना तो परकाच वाटला असता. मग जवळ होतं तेच साधन झालं: खडे, बिया, शिंपले, पानं, फुलं, काड्या, पिसं, माती. लहान-मोठं लावणं, रंग जुळवणं, मोजणं, जड-हलकं ओळखणं. माँटेसरीचं तत्त्व तेच राहिलं, फक्त वस्तू किनाऱ्यावरच्या आल्या.

एक गोष्ट मात्र मला टोचते. या कामात मुलांना आंघोळ घालणं, नखं कापणं, केस विंचरणं यावर मोठा भर होता. आरोग्यासाठी ते गरजेचंच होतं. पण ज्या वस्तीला सार्वजनिक पाण्यावर हात लावू दिला जात नव्हता, तिथे स्वच्छता ही फक्त सवयीची गोष्ट नसते. १९२७ मध्ये महाडला आपली माणसं तळ्यावर गेली ती याचसाठी. ताराबाईंचा मार्ग सेवेचा होता, हक्काच्या लढ्याचा नव्हता. हे मान्य करूनही त्यांनी जे पाहिलं ते लढणाऱ्यांपैकी अनेकांनी पाहिलं नव्हतं: पाचव्या वर्षापर्यंत मूल खूप काही शिकून मोकळं झालेलं असतं, शाळा त्याच्यापर्यंत पोचते ती नंतर.

१९५७ मध्ये काम जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेलं, वारली पाड्यांमध्ये. तिथे वेगळीच अडचण. मोठी मुलगी शाळेत आली की धाकट्याला कोण सांभाळणार? म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी ठेवून विकासवाडी उभी राहिली. मुलगी वर्गात, भाऊ शेजारच्या पाळण्यात. गुरं राखणारी मुलं तर गुरं सोडून येऊच शकत नव्हती. तेव्हा शिक्षक कुरणात गेले आणि कुरणशाळा सुरू झाली. गुरं चरतायत आणि मुलं दगड मोजतायत.

३१ ऑगस्ट १९७३ रोजी ताराबाई गेल्या. दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ ला, केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळालं. अनुताई १९९२ पर्यंत कोसबाडलाच होत्या.

आज अंगणवाडी सेविकेच्या हातात स्मार्टफोन आहे, पण त्यावर तिचा वेळ जातो पोषण ट्रॅकरवर वजन-उंची भरण्यात. एनसीईआरटीने २०२३ मध्ये लहान मुलांसाठी जादुई पिटारा काढला, त्यात खेळणी आहेत, कोडी आहेत, बाहुल्या आहेत. चांगली गोष्ट आहे. बोर्डीच्या अंगणात जमवलेल्या बिया-शिंपल्यांचाच तो भाऊबंद.

नागावच्या दुसऱ्या बैठकीत मी हे सगळं सांगितलं, जरा लांबलंच. टीव्हीला माझा विरोध नाही. भरतीच्या वेळी खेकडा बिळात कसा शिरतो हे मुलांनीच फोनवर टिपलं आणि मग सगळ्यांनी ते पडद्यावर पाहिलं, तर तो पडदा कामाचा. पण टीव्हीचा विषय सध्या बाजूला ठेवला आहे. बैठकीत दोघी-तिघींनी कागदावर मुलांची नावं लिहायला घेतली. कोणाची आई कुठल्या कॉटेजवर जाते, ती किती वाजता परतते, कोणाकडे धाकटं भावंड आहे. यादी केली तेव्हा कळलं की विहारात वर्ग ठेवला तर निम्मी मुलं येऊच शकणार नाहीत. पहिला वर्ग वाडीतल्या एका अंगणात भरेल, सकाळी साडेसातला, आया कामाला निघायच्या आधी. शिंपले गोळा करायला शनिवारी संध्याकाळी ओहोटीच्या वेळी जायचं आहे.