डॉ. जॉन गिबन : हृदय आणि फुफ्फुसांना विश्रांती देणारे यंत्र

हृदयाची झडप बदलण्यापूर्वी डॉक्टर तुम्हाला सांगतात, की शस्त्रक्रियेच्या वेळी काही काळ हृदय थांबवावे लागेल आणि त्याचे काम यंत्र करील. हे ऐकून कोणाच्याही पोटात गोळा येतो. हे यंत्र माणसावर प्रथम यशस्वीपणे वापरणाऱ्या सर्जनची ही ओळख.

बोस्टनमधली रात्र

जॉन गिबन यांचा जन्म १९०३ मध्ये अमेरिकेतील फिलाडेल्फियात झाला. १९३०-३१ मध्ये ते बोस्टनच्या एका मोठ्या रुग्णालयात काम करत होते. तिथे पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर एका स्त्रीच्या फुफ्फुसाच्या रक्तवाहिनीत रक्ताची गुठळी अडकली. गिबन रात्रभर तिच्या उशाशी बसून दर काही मिनिटांनी नाडी, श्वास आणि रक्तदाब लिहून ठेवत होते. आज हेच काम आयसीयूतला मॉनिटर करतो. प्रत्येक नोंद प्रकृती ढासळत असल्याचे सांगत होती, पण उपाय हाताशी नव्हता. सकाळी तातडीने छाती उघडून गुठळी काढली, तरी ती वाचली नाही.

त्या रात्री त्यांच्या मनात विचार आला, की शिरांमधले काळसर रक्त बाहेर काढून, त्यात ऑक्सिजन मिसळून ते धमनीत परत सोडता आले तर?

वीस वर्षांची चिकाटी

अनेकांनी त्यांना या नादी लागू नका, असा सल्ला दिला. पत्नी मेरी मात्र प्रयोगशाळेत त्यांच्या बरोबरीने राबल्या. १९३५ मध्ये फुफ्फुसाची धमनी पूर्ण बंद करूनही एक मांजर यंत्राच्या आधारावर जगले. मग महायुद्धामुळे कामात खंड पडला. युद्धानंतर आयबीएम कंपनीच्या इंजिनिअरांनी मोठे यंत्र बांधायला मदत केली.

६ मे १९५३ रोजी फिलाडेल्फियात गिबन यांनी १८ वर्षांच्या एका मुलीच्या हृदयातले छिद्र बुजवले. त्या वेळी २६ मिनिटे तिच्या हृदयाचे आणि फुफ्फुसांचे सगळे काम यंत्राने केले. ती बरी होऊन घरी गेली. पण त्यानंतर शस्त्रक्रिया केलेली मुले दगावली. गिबन यांनी स्वतः यंत्र वापरणे थांबवले. त्यात सुधारणा करून ते पुढे नेण्याचे काम मेयो क्लिनिकमधील जॉन कर्कलिन आणि इतरांनी केले. १९७३ मध्ये टेनिस खेळताना हृदयविकाराच्या झटक्याने गिबन यांचे निधन झाले.

आज तुमच्यासाठी याचा अर्थ

गिबन यांच्या यंत्रात रक्त आणि ऑक्सिजन यांचा थेट संपर्क येई, त्यामुळे ते फार वेळ चालवले की रक्तपेशींना इजा होत असे. पुढे दोघांमध्ये पातळ पडदा आला आणि हा आधार काही दिवस, कधी काही आठवडेही देणे शक्य झाले. आयसीयूतले ‘एक्मो’ ते हेच. मात्र एक लक्षात ठेवा : एक्मो आजार बरा करत नाही, बरे होण्यासाठी वेळ मिळवून देते. म्हणून डॉक्टरांना जरूर विचारा, की या मिळालेल्या वेळात मूळ आजारावर कोणता उपचार चालू आहे?

आणि ज्या गुठळीपासून ही कथा सुरू झाली, ती बऱ्याचदा पायाच्या शिरेत तयार होते. शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी परवानगी देताच उठून चाला. एकाच पायाला सूज आली, अचानक धाप लागली किंवा छातीत दुखले, तर अंगावर काढू नका, लगेच रुग्णालय गाठा.