बंदूक सुटली, नजर राहिली

रायफलवरच्या दुर्बिणीचं काम काय? लांबचं जनावर मधल्या फुलीवर आणायचं. बाकी रान गेलं बाजूला!

तुमच्या ‘बनगरवाडी’वाल्या व्यंकटेश माडगूळकरांनाही शिकारीचा भारी नाद होता. १९२७ साली माणदेशातल्या माडगूळचा जन्म, शाळा अर्धवट सुटलेली, पुढे पुणे आकाशवाणीत नोकरी. मग एक दिवस शिकार सुटली. पण शिकाऱ्याचे गुण त्यांनी टाकले नाहीत. वाऱ्याची दिशा बघणं, पाऊलखुणा वाचणं, तासन् तास गप्प बसणं, सगळं तेच. नागझिऱ्याच्या जंगलात ते राहिले ते नुसतं बघायला. त्यातून ‘नागझिरा’ हे पुस्तक आलं. शिकाऱ्याला एक जनावर पुरतं, बघणाऱ्याला अख्खी टोळी लागते. वानरांच्या टोळ्यांमधली सत्तेची मारामारी सांगणाऱ्या ‘सत्तांतर’ला १९८३ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. २००१ साली ते गेले.

तुम्ही नागझिऱ्याला जाल तेव्हा सोळा पटीच्या दुर्बिणीच्या मोहात पडू नका. पट वाढली की हात जरा हलला तरी चित्र थरथरतं आणि रान कमी दिसतं. आठ पट, ४२ मिलिमीटरची भिंगं बास. झाडीतल्या अंधुक उजेडातही चालतात. आणि फुली नसलेलीच घ्या!