घरातून हाकलून दिलेल्या शेतकऱ्याच्या पोरीने मिशेलिनचे सहा स्टार मिळवले होते, पण जग तिला विसरून गेलं

१९९८ साली आलें द्युकास या फ्रेंच शेफच्या दोन रेस्टॉरंटकडे एकाच वेळी मिशेलिनचे तीन-तीन स्टार होते. एक पॅरिसमध्ये, दुसरं मोनॅकोत. सहा स्टार मिळवणारा जगातला पहिला शेफ म्हणून त्याचा सगळीकडे उदोउदो सुरू झाला.

पण तो पहिला नव्हता. हा पराक्रम ६५ वर्षांपूर्वी एका बाईने करून ठेवला होता. तिचं नाव युजेनी ब्राझिए.

आणि तिने हे स्टार कुठल्या शाही पदार्थांवर नाही, तर गावाकडच्या भरपेट जेवणावर मिळवले होते.

युजेनीचा जन्म १२ जून १८९५ चा. पूर्व फ्रान्समधल्या बुर्ग-आं-ब्रेस गावाजवळच्या शेतकरी घरातला. ब्रेस हा भाग कोंबड्यांसाठी प्रसिद्ध. पांढरी पिसं, लाल तुरा आणि निळसर पाय ही इथल्या कोंबडीची ओळख.

घरची परिस्थिती बेताची होती. पोरगी लहानपणापासून डुकरं राखायची. शाळेचं तोंड बघायला मिळायचं ते हिवाळ्यात, तेही शेतात काम नसेल तर. जेवण म्हणजे शिळ्या पावावर ओतलेलं भाजीचं गरम सूप. ती १० वर्षांची असताना आई गेली आणि युजेनी दुसऱ्यांच्या शेतावर राबायला लागली.

१९१४ साली, वयाच्या १९ व्या वर्षी, तिला मुलगा झाला. लग्न झालेलं नव्हतं. त्या काळच्या फ्रेंच खेड्यात ही मोठी बदनामी होती. बापाने तिला घराबाहेर काढलं.

तान्ह्या गास्तोनला दुसऱ्यांकडे सांभाळायला ठेवून तिने ल्योन शहर गाठलं. तिथे पास्ता बनवणाऱ्या एका श्रीमंत कुटुंबाकडे ती मुलं सांभाळायला लागली. हळूहळू त्यांच्या स्वयंपाकघराचाही ताबा तिच्याकडे आला. पाककलेचं शिक्षण म्हणाल तर ते एवढंच.

आता ल्योनची एक खासियत समजून घ्यायला हवी. इथल्या श्रीमंतांच्या घरी स्वयंपाक करणाऱ्या बायकांपैकी अनेकींनी पुढे स्वतःच्या खाणावळी काढल्या. गिऱ्हाईकं त्यांना ‘मेर’ म्हणायची. मेर म्हणजे आई. मेन्यूत मोजकेच पदार्थ, पण रोज तीच चव, ही त्यांची पद्धत.

त्यातलं सगळ्यात गाजलेलं नाव मेर फियू. युजेनी तिच्याकडे कामाला लागली. तिथला प्रसिद्ध पदार्थ होता ‘अर्ध्या सुतकातली कोंबडी’. ब्रेसच्या कोंबडीच्या कातडीखाली ट्रफल या काळ्या, महागड्या कंदासारख्या दिसणाऱ्या बुरशीच्या चकत्या सरकवायच्या आणि कोंबडी भाज्यांच्या रश्श्यात मंद आचेवर शिजवायची. पांढऱ्या कातडीतून काळ्या चकत्या दिसतात. तेव्हा सुतकाच्या शेवटच्या काळात बायका काळ्यासोबत पांढरे कपडे घालू लागायच्या. त्यावरून हे नाव पडलं.

१९२१ साली युजेनीने ल्योनच्या रू रोयाल या रस्त्यावर १२ नंबरच्या जागेत स्वतःची खाणावळ टाकली. बसायला जेमतेम १५ जागा. ताटात तीच कोंबडी, माशाचे मऊ गोळे म्हणजे कनेल, आणि आर्टिचोकच्या गाभ्यावर ठेवलेलं फुआ ग्रा.

पदार्थ साधे होते, पण माल निवडताना तिच्याकडे माफी नव्हती. कोंबडी ब्रेसचीच हवी, स्वयंपाकघर लखलखीत हवं. पुरवठादार तिला वचकून असायचे. शहराचा महापौर आणि फ्रान्सचा पंतप्रधान राहिलेला एद्वार एरियो तिचं नेहमीचं गिऱ्हाईक होता. शहराचं नाव आपल्यापेक्षा तिनेच जास्त मोठं केलं, असं तो सांगायचा.

कामाने शरीर थकलं तेव्हा विश्रांतीसाठी तिने ल्योनजवळच्या कोल द ला ल्युएर या डोंगरात एक लाकडी घर घेतलं. तिथे ना वीज, ना गॅस. पण गिऱ्हाईकं पाठोपाठ तिथेही पोहोचली आणि तिचं दुसरं रेस्टॉरंट सुरू झालं.

मिशेलिन ही मुळात टायरची कंपनी. लोकांनी गाडीने फिरावं म्हणून तिने १९०० साली प्रवासाची गाइड काढली. १९२६ पासून ती चांगल्या रेस्टॉरंटना स्टार देऊ लागली आणि १९३१ पासून दोन आणि तीन स्टारही आले. १९३३ साली युजेनीच्या दोन्ही रेस्टॉरंटना तीन-तीन स्टार मिळाले. असे सहा स्टार मिळवणारी ती जगातली पहिली व्यक्ती ठरली.

१९४६ साली डोंगरातल्या रेस्टॉरंटवर एक २० वर्षांचा पोरगा शिकायला आला. तिने त्याला स्वयंपाकाबरोबर गायींचं दूध काढायला आणि बागेत राबायलाही लावलं. तो होता पॉल बोक्यूज. पुढे तो विसाव्या शतकातला सर्वात प्रसिद्ध फ्रेंच शेफ झाला आणि तिच्याकडे शिकल्याचं अभिमानाने सांगत राहिला.

१९६८ साली युजेनी निवृत्त झाली. ज्या मुलासाठी घर सुटलं, तो गास्तोन तिच्या हाताखालीच तयार झाला होता, पण तो तिच्याआधी गेला. २ मार्च १९७७ रोजी तिचंही निधन झालं. पुढे नात जाकोतने रू रोयालचं रेस्टॉरंट चालवलं.

मग जग तिला विसरलं कसं? फ्रान्समध्ये मोठ्या हॉटेलांचे शेफ पुरुष असायचे आणि कौतुक त्यांचंच व्हायचं. बायकांनी रांधलेलं अन्न म्हणजे घरचं जेवण, त्यात कसली कला, अशी समजूत होती. म्हणूनच २१ वर्षांत तिचा विक्रम लोकांच्या लक्षातून गेला.

रू रोयालवरचं १२ नंबरचं रेस्टॉरंट मात्र तिथेच आहे. दारावर आजही ‘ला मेर ब्राझिए’ हेच नाव आहे. २००८ साली मातिअ व्हियाने या शेफने ते घेतलं, पुन्हा दोन स्टारपर्यंत नेलं, आणि अर्ध्या सुतकातली कोंबडी मेन्यूवर कायम ठेवली.