जॉन ॲलन: नव्या मॉडेलला जुनं करायला शिकवणारा माणूस

आज नवा फोन किंवा ॲप नाही. आज एका अशा माणसाची गोष्ट सांगतो, ज्याने आयुष्यभर खेळण्यातली वाटावी अशी रेल्वे बांधली आणि जगभरातल्या मॉडेल बनवणाऱ्यांना एक साधी गोष्ट शिकवली: खरं दिसायचं असेल तर वस्तू आधी मळली पाहिजे.

पण सुरुवात माझ्या फसलेल्या प्रयोगापासून करतो.

मी लासूर स्टेशनचा. मनमाड-छत्रपती संभाजीनगर लाईनवरचं आमचं गाव, कांदा आणि कापसाच्या बाजारासाठी ओळखलं जाणारं. माझ्या आजोबांची स्टेशनच्या रस्त्याला चहाची पत्र्याची टपरी होती. ती रस्त्याच्या कामात गेली. तिचा धड एक फोटोही आमच्याकडे नव्हता. मिळाला तो एका सेल्फीत, माझ्या खांद्यामागे, अर्धवट आणि धूसर. म्हटलं, हिचं मॉडेल करू. बुटाच्या खोक्याचा पुठ्ठा कापला, पत्रा म्हणून नालीदार कागद चिकटवला, निळा रंग दिला. तयार झाल्यावर बघतो तर काय, ती टपरी वाटेचना! वाढदिवसाच्या केकवरची सजावट वाटत होती.

चूक कुठे झाली ते शोधताना मला जॉन ॲलन सापडले.

कोण होते जॉन ॲलन?

ॲलन यांचा जन्म 1913 साली अमेरिकेतल्या मिसूरी राज्यात, जॉप्लिन गावी झाला. लहानपणीच्या आजारपणाने त्यांचं हृदय कायमचं अशक्त झालं होतं. धावपळीची कामं जमणार नव्हती. ते फोटोग्राफर झाले, आणि प्रकाश कुठून येतो, सावली कुठे पडते हे बघायची सवय त्यांना याच धंद्याने लावली.

पुढे ते कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरे गावी राहायला गेले. तिथे 1946 च्या सुमारास त्यांनी पहिला लेआउट बांधला. लेआउट म्हणजे रूळ, डोंगर, पूल, स्टेशन, घरं असं सगळं असलेलं छोटं जग. हा पहिला लेआउट एका खाटेएवढाच होता. स्केल होतं एचओ, म्हणजे खऱ्या वस्तूच्या 87 पट लहान. आपल्या भाषेत सांगायचं तर सात फुटांची टपरी या स्केलमध्ये जेमतेम अडीच सेंटीमीटरची होते!

आपल्या रेल्वेला त्यांनी नाव दिलं 'गोर अँड डफीटिड'. इंग्रजीत भरभर म्हटलं की त्याचा अर्थ निघतो रक्तबंबाळ आणि पराभूत. माणूस मिश्किल होता. यार्डात डबे ओढायला त्यांनी इंजिनाऐवजी एक डायनासोरही ठेवला होता. तिचं नाव एमा!

1950 च्या दशकात नव्या घराच्या तळघरात त्यांनी तिसरा आणि सर्वात मोठा लेआउट सुरू केला. डोंगर थेट जमिनीपासून छतापर्यंत. जागा दुप्पट भासावी म्हणून मोक्याच्या ठिकाणी आरसे बसवले. पहिला छोटा लेआउटही त्यांनी टाकला नाही, या मोठ्यात जोडून घेतला. हे काम जवळपास वीस वर्षं चाललं.

वेदरिंग म्हणजे काय?

त्या काळात बरेच लोक मॉडेल चकचकीत ठेवायचे. ॲलन यांनी उलटं केलं. त्यांच्या इंजिनांवर काजळी होती, पत्र्यांवर गंज होता, इमारतींच्या फळ्या उन्हाने विटलेल्या होत्या. मॉडेलला असं वापरलेलं, उन्हापावसात राहिलेलं रूप देण्याला वेदरिंग म्हणतात. ते त्यांनी शोधलं असं म्हणता येणार नाही, पण लोकांना त्याचं वेड लावण्यात त्यांचा वाटा फार मोठा आहे.

यातली खरी गंमत रंगात नाही, कारणात आहे. डाग मनाला येईल तिथे मारायचा नसतो. प्रत्येक डागाला कारण हवं:

- गंज खिळ्यापासून किंवा पत्र्याच्या कडेपासून सुरू होतो आणि पाण्यासोबत खाली ओघळतो.
- काजळी धूर बाहेर पडतो तिथेच साचते, म्हणजे दाराच्या वर, छताच्या कडेला.
- पावसाचे थेंब जमिनीवरून उडतात, म्हणून चिखलाचा पट्टा भिंतीच्या पायथ्याशी असतो.
- ऊन लागतं ती बाजू फिकट होते, सावलीतली बाजू गडद राहते.

माझी टपरी का फसली, ते इथे कळलं. तिच्यावर कधी पाऊसच पडला नव्हता.

मी काय केलं?

महागडं सामान लागत नाही. शाळेतला तपकिरी आणि काळा खडू घासून पूड केली आणि सुक्या ब्रशने चोळली. रंगात भरपूर पाणी घालून ते पातळ पाणी पत्र्याच्या खाचांत सोडलं. मग ब्रश कागदावर पुसून जवळपास कोरडा केला आणि फक्त उंच कडांवर हलकेच फिरवला, की झिजलेला रंग तयार! पायथ्याला आमच्याकडची काळी माती चाळून लावली. एक टीप: आधी टाकाऊ पुठ्ठ्यावर करून बघा आणि थोडं कमी वाटतंय तिथेच थांबा.

आणि मग आग लागली

जानेवारी 1973 मध्ये ॲलन हृदयविकाराने गेले. वय होतं 59. त्यांचा मुख्य मार्ग पूर्ण होत आला होता, शेवटचा खिळा ठोकायचा राहिला होता. त्यानंतर दहा दिवसांनी त्या घराला आग लागली आणि वीस वर्षांचं ते जग जवळजवळ सगळं जळून गेलं.

मग आज मला लासूरमध्ये बसून ते कसे माहीत? कारण ॲलन यांनी फोटो काढले होते. शेकडो. छोट्या माणसाच्या डोळ्याच्या उंचीवरून, सगळं स्पष्ट दिसावं म्हणून बारीक छिद्रातून आणि लांब एक्स्पोजरने. मासिकांत लेख लिहून आपल्या युक्त्याही वाटल्या. 1981 साली लिन वेस्टकॉट यांचं त्यांच्यावरचं पुस्तक निघालं, तेही या फोटोंच्या जोरावर. लेआउट राहिला नाही, पण बघण्याची पद्धत राहिली.

आपल्याकडे हा छंद जवळून बघायचा असेल तर पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी उभं केलेलं मिनिएचर रेल्वे म्युझियम आहे. ते 1 एप्रिल 1998 ला सुरू झालं. एकदा नक्की जाऊन या.

तुमच्या फोनसाठी युक्ती

ॲलन यांना ज्यासाठी खटपट करावी लागली, ते तुमच्या खिशात आहे. फोनचा सेन्सर छोटा असतो, त्यामुळे जवळचं आणि लांबचं बऱ्यापैकी एकत्र स्पष्ट येतं. मॉडेलचा फोटो काढताना फोन उलटा धरा, म्हणजे लेन्स टेबलाजवळ येईल. पोर्ट्रेट मोड बंद ठेवा. दुसऱ्या फोनचा टॉर्च एकाच बाजूने मारा, सूर्यासारखा.

असाच फोटो काढून मी आजोबांना दाखवला. त्यांनी स्क्रीनवर बोटांनी झूम केला, बराच वेळ बघितला आणि एकच चूक काढली. स्टोव्ह डावीकडे असायचा, मी काजळी उजवीकडे लावली होती.

खडूची पूड अजून उरली होती. दहा मिनिटांत बाजू बदलली.

तुमच्या गावातलं असं दुकान, गिरणी, थांबा असेल तर आजच चारही बाजूंनी फोटो काढून ठेवा. डाग कुठे आहेत, तेही नीट टिपा!